नेमणूक आणि बिऱ्हाड

मराठी ललित वाङ्मयात घर सोडून गेलेली माणसे पुष्कळ भेटतात. ती ज्या गावी गेली ती गावे मात्र क्वचितच भेटतात. नोकरीनिमित्त परगावी जाणे ही गेल्या दीडशे वर्षांतील मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत नित्याची घटना असावी. रेल्वे, टपाल, शाळाखाते, बँका, पोलादाचे कारखाने आणि अलीकडे संगणकाच्या कंपन्या यांनी माणसे उचलली आणि शेकडो मैलांवर नेऊन ठेवली. त्यांच्याबरोबर घरातली नातीही हलली. सून सासूच्या नजरेआड गेली, नवराबायकोला प्रथमच एकमेकांशी मोकळेपणी बोलण्यापुरती जागा मिळाली, मुलीच्या हाती स्वतःचा पगार आला आणि म्हातारी माणसे मागे राहिली. एवढी उलथापालथ ज्या समाजात झाली त्याच्या वाङ्मयाने तिच्यातले काय टिपले आणि काय निसटू दिले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. महाराष्ट्राबाहेर बसून मराठी मासिक वाचणाऱ्या वाचकाला हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा वाटणार नाही, अशी आशा आहे.

चर्चेच्या सोयीसाठी दोन साधे शब्द घेऊ : नेमणूक आणि बिऱ्हाड. नेमणूक एका माणसाच्या नावाने निघते. तिच्यात हुद्दा असतो, वेतनश्रेणी असते, रुजू होण्याची तारीख असते. बिऱ्हाड कोणा एकाच्या नावाने निघत नाही. भांडी, अंथरुणे, मुलांच्या शाळेचे दाखले, देवघरातले चार देव, दूधवाल्याचा हिशेब, नव्या बाजारातली नवी भाषा आणि शेजारीण कशी निघते याची धास्ती, हे सारे मिळून बिऱ्हाड होते. सरकारी नियमसुद्धा हा भेद ओळखतो. हजार किलोमीटरांपर्यंतच्या बदलीला तो दहा दिवसांचा रुजू-अवधी देतो. सामान बांधण्यासाठी आणि सोडण्यासाठी ते दहा दिवस पुरतील असे त्याने गृहीत धरलेले आहे. बिऱ्हाड खऱ्या अर्थाने लागण्यास किती दिवस लागतात, हे मात्र तो सांगत नाही, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हे. ते काम कथाकादंबरीचे आहे. म्हणून या विषयावरच्या कोणत्याही कृतीला आपण एकच प्रश्न विचारावा : येथे नेमणूक आणि बिऱ्हाड ही दोन्ही एकाच वेळी दिसतात का?

या कसोटीवर पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आपल्या कादंबरीच्या आरंभीच्या काळातच एका थोर लेखकाने या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. विधवांच्या दुःखाची कादंबरी म्हणून ती आपण शाळेपासून ओळखतो, आणि ती ओळख खोटी नाही. परंतु तिच्या मध्यभागी जो सुखाचा काळ आहे तो स्थलांतराचा काळ आहे, हे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. यमुना पुण्याच्या एकत्र कुटुंबातून रघुनाथरावांबरोबर मुंबईस येते. तेथे तिला स्वतःची चूल मिळते, वाचन मिळते, नवऱ्याच्या मित्रमंडळींच्या घरांतला मोकळा व्यवहार पाहावयास मिळतो. पुढे रघुनाथराव जातात आणि ती पुन्हा पुण्याच्या घरात येऊन पडते. तिचे केशवपन होते ते त्या घरात. स्त्रीची भूमिका व्याख्यानाने बदलली नाही, बिऱ्हाड हलल्याने बदलली, आणि बिऱ्हाड मोडताच ती पूर्वपदावर गेली, एवढे कठोर सत्य हरिभाऊंनी उपदेशाचा शब्द न वापरता मांडले आहे. येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. हे सत्य सांगण्यासाठी हरिभाऊंना रघुनाथरावांचे निवेदन पुरेसे वाटले नाही. त्यांनी यमुनेचा ‘मी’ पत्करला. ज्याचे पाऊल पुढे पडले त्याच्यापेक्षा जिने घर मांडले तिला अधिक दिसले असणार, हे त्यांच्या कलाबुद्धीने हेरले.

हरिभाऊंनी कल्पनेने जे साधले ते लक्ष्मीबाई टिळकांनी अनुभवाच्या बळावर साधले, आणि योगायोग असा की त्या अनुभवाचा एक धागा आमच्या रायपूरच्या अंगणातून गेला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. राजनांदगाव हे तेव्हा संस्थान होते आणि टिळकांना तेथे नोकरी हवी होती. त्या गाडीत त्यांना वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले आणि त्यांच्याकडून बायबल हाती आले. दोन वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत, टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना टिळकांच्या धर्मांतराची पूर्वपीठिका म्हणून नोंदली जाते. परंतु एका बदलीवाल्याच्या दृष्टीने तिच्याकडे पाहावे. एक तरुण, बुद्धिमान आणि अस्थिर मनुष्य चांगल्या नोकरीच्या शोधात परप्रांतात जातो, आणि त्या प्रवासाने त्याचे व त्याच्या पत्नीचे सारे जीवन उलटेपालटे होते. नेमणुकीने एक दार उघडले; त्यातून आत काय येणार हे नेमणूक देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. या ग्रंथाच्या विनोदाविषयी, त्यातील प्रांजळपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याचा विशेष वेगळ्या ठिकाणी दिसतो. टिळक जेथे जातील तेथे कविता, धर्म, मैत्री आणि वाद यांनी वेढलेले असत. पैसा हातात टिकत नसे आणि घरात काय आहे, काय नाही, याची त्यांना शुद्ध नसे. लक्ष्मीबाई हे सारे पाहतात, पण त्याच वेळी चूल, मूल आणि दारी आलेला पाहुणा यांच्यावरून त्यांची नजर हटत नाही. ज्या दिवशी आयुष्यातली फार मोठी घटना घडते त्या दिवशीसुद्धा घरात काय शिजले होते हे त्यांना आठवते. मोठे आणि लहान यांची अशी सरमिसळ म्हणजेच बिऱ्हाडाची दृष्टी. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने निघाले. ‘मी मागून येते’ असा त्या नावाचा भाव. ते नाव सुंदर आहे, तथापि ते अपुरे आहे. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागून गेल्या नाहीत. त्या दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, पुन्हा संसार मांडावयास गेल्या तरी स्वतःचा धर्म राखून राहिल्या, आणि सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या प्रवासाला त्यांनी आपली गती लावली. बदलीच्या हुकुमाला पत्नीने दिलेले असे स्वतंत्र उत्तर मराठीत पुन्हा फारसे आढळत नाही.

आता पुरुषांच्या लेखनाकडे वळू. बदलत्या गावांची आणि नोकऱ्यांची सर्वांत विस्तृत कहाणी भालचंद्र नेमाड्यांनी ‘बिढार’ आणि ‘हूल’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या चार कादंबऱ्यांत सांगितली. तिचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहतो. ‘बिढार’ हे बिऱ्हाडाचेच जुने रूप. पहिल्या कादंबरीचे नावच ते असावे यावरून नेमाड्यांना विषयाचे केंद्र कोठे आहे याची पूर्ण जाणीव होती असे म्हणावयास हरकत नाही. नेमणुकीचे चित्रण या कादंबऱ्यांत असे बारकाईने उतरले आहे की तशा तपशिलाने ते पूर्वी कोणी केले नव्हते. संस्थाचालकांची मर्जी, जातीची गणिते, प्राध्यापकांच्या खोलीतली कुजबूज, कायम होण्याची टांगती तलवार, हे वाचताना कोणत्याही खात्यातला मनुष्य ओळखीचे हसेल. परंतु चांगदेवाचे बिऱ्हाड म्हणजे बहुतांशी एकट्या माणसाची खोली, पुस्तके आणि पुन्हा निघण्याची तयारी. गावाचा त्याला संताप येतो, कंटाळा येतो, कधी लोभही वाटतो. पण गावाने त्याच्यावर हक्क सांगावा इतका काळ तो तेथे थांबत नाही. हा दोष नव्हे; ते त्या व्यक्तिरेखेचे सत्य आहे. फक्त ते एकट्याचे सत्य आहे. ज्याच्या पाठीशी शाळेत जाणारे मूल आणि दुखणाईत आई आहे त्याला चांगदेवासारखा राजीनामा खिशात घेऊन फिरता येत नाही.

दुसरी वाट आहे ती मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांनी पाहण्याची. ही वाट मराठी नाटकाने चांगली चोखाळली. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ मधल्या म्हाताऱ्या जोडप्याची मुले दूर गेलेली आहेत, आणि रंगभूमीवर आपल्याला दिसते ते रिकामे घर. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मध्ये मुंबईला नोकरी करणारा सुधीर वडिलांच्या मृत्यूनंतर विदर्भातल्या वाड्यात सपत्नीक येतो. वाड्यातल्यांना वाटते, हा शहरात सुखात आहे. त्याचे मुंबईतले घर किती अपुरे आहे हे त्याचे त्यालाच माहीत. दोन्ही भाऊ एकमेकांच्या संपत्तीविषयी गैरसमज बाळगून एकाच ओसरीवर बसतात. एलकुंचवारांचे थोरपण असे की ते वाड्यालाही निर्दोष ठरवीत नाहीत. ज्या वाड्यातून सुधीरला निघता आले त्याच वाड्याने प्रभेला शिकू दिले नाही. मुलगा परगावी जातो ते कर्तृत्व, मुलगी जाऊ पाहते ते कुळाला बाधक, हा न्याय त्या वाड्याच्या भिंतीत चिणलेला आहे. तथापि येथेही सुधीरची मुंबई आपल्याला सांगोवांगीच कळते. ‘संध्याछाये’तल्या मुलांचे परदेश आणि लष्करी ठाणे जसे पडद्याआड, तशीच ही मुंबईही पडद्याआड. नाटकाच्या एका स्थळाच्या बंधनामुळे असे होते, हे खरे. पण कादंबरीने तो पडदा उचलला असता तर कोणी हरकत घेतली नसती.

मागे राहिलेल्या घराची ही हुरहुर आपल्या अभिरुचीत इतकी मुरली आहे की परगावी जाणे म्हणजे काही तरी गमावणे, असे आपण धरूनच चालतो. या गृहीतकाला खरा धक्का दलित आत्मकथनांनी दिला. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या दृष्टीने वाचावे. रत्नागिरीकडचे गाव, बांबूची आयदाने विणून मुलांना वाढवणारी आई, मग मुंबई, सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी, संसार सांभाळून केलेले एम. ए. आणि त्यापायी घरात आलेला ताण, अशी ही वाटचाल आहे. ज्या गावाने माणसाला विटाळ मानले त्या गावासाठी गहिवरून येण्याचे कारण काय? शहर येथे मुक्तीचे ठिकाण आहे, आणि नोकरी ही केवळ पोटाची सोय नसून माणूस म्हणून मिळालेली नोंद आहे. पण पवारबाई तेवढ्यावर थांबत नाहीत. गावातून सुटलेली स्त्री शहरातल्या खोलीत नवऱ्याच्या अपेक्षांपासून सुटत नाही, हे त्या स्पष्ट सांगतात. नेमणूक तिच्याही नावाची आहे आणि बिऱ्हाडही तिच्याच शिरावर आहे. दोन्ही ओझी एकाच वेळी दिसणारे असे दुसरे पुस्तक सहज आठवत नाही. आमच्या कुलीन हुरहुरीपेक्षा हा हिशेब अधिक पक्का आहे.

येथवर जी पुस्तके पाहिली ती बहुतेक मराठी मुलुखातली, किंवा त्याच्या सीमेवरून जाऊन परतलेली. ज्यांचे बिऱ्हाड दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात पडले त्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता निर्माण होतो, आणि छत्तीसगढ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. येथे मराठी माणूस अठराव्या शतकात भोसल्यांबरोबर आला. बिंबाजी भोसले रतनपुरास राहत होते. पुढे मध्य प्रांत झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूरचा कारकून रायपूरला येई तो आपल्याच प्रांतात येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर भोपाळच्या अमलाखाली गेले. अनेक मराठी कुटुंबे जागची न हलता एका रात्रीत परप्रांतीय झाली. त्याच सुमारास भिलाईचा कारखाना उभा राहत होता. १९५९ साली त्याची पहिली भट्टी पेटली, आणि महाराष्ट्रातून नवी बिऱ्हाडे येऊ लागली. २००० साली छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले आणि पुन्हा एकदा पाट्या बदलल्या. या साऱ्यात कादंबरीला पुरेल असे द्रव्य नाही, असे कोण म्हणेल?

द्रव्य होतेच, आणि मराठी घरांतल्या माणसांनी ते ओळखलेही. फक्त त्यांनी ते हिंदीत लिहिले. माधवराव सप्रे पेंड्रा येथे राजकुमारांचे शिक्षक होते. तेथील पगाराच्या आधारावर त्यांनी जानेवारी १९०० मध्ये मासिक काढले आणि त्याला नाव दिले ‘छत्तीसगढ मित्र’. नोकरीच्या गावाला, त्या गावाच्या प्रदेशाला, मित्र म्हणून हाक मारणारे हे नाव अजूनही ताजे वाटते. हिंदीतील आरंभीच्या कथांत जिची गणना होते ती ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा १९०१ साली याच मासिकात आली. त्यानंतर अर्ध्या शतकाने गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावला आले. वडील पोलीस खात्यात, म्हणून बालपण बदल्यांत गेलेले. पुढे स्वतःच्या नोकऱ्या उज्जैन, शुजालपूर, जबलपूर, नागपूर अशा फिरत्या. १९५८ साली दिग्विजय महाविद्यालयात त्यांना स्थिर जागा मिळाली आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या त्या थोड्या वर्षांत त्यांची महत्त्वाची कविता आकाराला आली. राजवाड्याच्या परिसरातला तो तलाव, ते जुने बांधकाम त्यांच्या प्रतिमासृष्टीत उतरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत राहिले. ‘क्षिप्रा’ (१९५४) या कादंबरीत त्यांनी उज्जैनच्या मराठी घरातले वाढते वय रंगवले. एका घरातले दोन भाऊ, दोन भाषा. धाकट्याने मराठीतही परप्रांताचे गाव उभे करता येते हे दाखवून दिले, पण ती वाट पुढे रुळली नाही. एकंदरीने आपली वाटणी अशी झाली की घरातली आठवण मराठीत आणि दारातले गाव हिंदीत.

या वाटणीत आपण काय गमावले ते समजण्यासाठी रायपूरच्याच एका हिंदी कादंबरीकडे पाहावे. विनोदकुमार शुक्ल यांचा जन्म राजनांदगावचा, १९३७ सालचा. तरुणपणी त्यांना मुक्तिबोधांचा सहवास लाभला आणि उपजीविकेसाठी त्यांनी रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापन केले. २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची ‘नौकर की कमीज’ ही कादंबरी १९७९ सालची, म्हणजे नेमाड्यांच्या ‘झूल’च्याच वर्षाची. तिचा नायक संतूबाबू एका कचेरीत कारकून आहे. साहेबांनी आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवला आहे. तो ज्याला बसेल तो नोकर. तो सदरा संतूबाबूच्या अंगावर चढवला जातो. इकडे भाड्याच्या घराचे छप्पर गळते आहे, आणि घरमालकाच्या उपकारांच्या वाटेने बायको त्याच्या घरच्या कामात ओढली जाते. बोलाचाली वाढत नाही, कोणी भाषण करीत नाही. पण कचेरीतली गुलामी आणि घरातली गळती ही एकाच पावसाची दोन रूपे आहेत हे वाचकाला कळून चुकते. नेमणूक बिऱ्हाडात कशी शिरते आणि बिऱ्हाडाची गरज माणसाला नेमणुकीपुढे कशी वाकवते, याचे इतके नेमके, इतके मृदू आणि इतके भेदक दर्शन मला तरी दुसरीकडे झाले नाही. आपल्या शेजारच्या ओसरीवर हे पुस्तक लिहिले गेले, आणि त्याच गल्लीतले मराठी बिऱ्हाड मात्र दिवाळी अंकाची वाट पाहत बसले होते, असे खेदाने म्हणावे लागते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. लेखकाने कोणता विषय घ्यावा हे समीक्षकाने सांगू नये. कलाकृती ही समाजाची खानेसुमारी नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि तो मला मान्य आहे. बदलीवर कादंबरी लिहा असा हुकूम काढल्याने कादंबरी होणार नाही. झालीच तर ती हुकुमासारखीच वाचली जाईल. परंतु येथे प्रश्न विषयाचा नसून पाहण्याच्या रीतीचा आहे. नोकरीचे गाव हे प्रतीक्षालय समजणारा मनुष्य तेथे तीस वर्षे राहिला तरी काही पाहत नाही. त्याचे लक्ष येणाऱ्या गाडीकडे असते. अशा मनुष्याने लिहिलेली कथा स्वाभाविकच दोन टोकांची होते : एका टोकाला सुटलेले घर आणि दुसऱ्या टोकाला निवृत्तीनंतरचा पुण्यातला फ्लॅट. मधली तीस वर्षे कोरी. आणि आयुष्य तर त्या तीस वर्षांतच घडलेले असते. मुले त्या भाषेत भांडायला शिकलेली असतात, बायकोची जिवाभावाची मैत्रीण त्या गल्लीतली असते, पहिले दुखणे त्या इस्पितळात काढलेले असते. वाङ्मयाने एवढा भाग वगळावा हा कलेचा संयम नव्हे. ही कलेतील अनुपस्थिती आहे.

आजच्या तरुण पिढीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. रायपुरात २०१० साली व्यवस्थापन संस्था आली, २०१२ साली एम्स आले, नव्या रायपुरात राज्याची कार्यालये आली. तेथे येणारी मराठी मुले आणि मुली बहुधा तिशीच्या आतबाहेरची आहेत. मुलीही स्वतःच्या नेमणुकीने येतात, नवऱ्याच्या मागून नव्हे. कोणाचा नवरा पुण्यात, कोणाची बायको बेंगळूरला. कोणी लग्नच पुढे ढकलले आहे, कारण बढतीचा काळ आणि लग्नाचा काळ एकच आला आहे. नवराबायको दोघेही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एका ठिकाणी नेमणूक द्यावी, अशा केंद्र सरकारच्या सूचना १९८६ पासून आहेत आणि २००९ मध्ये त्या अधिक स्पष्ट करण्यात आल्या. या सूचनांत ‘शक्यतो’ या शब्दात किती संसार अडकले आहेत हे कोणत्याही आस्थापना शाखेत विचारावे. पूर्वी प्रश्न होता, नवऱ्याची बदली झाली, बायको मागून कधी येणार? आता प्रश्न आहे, दोन नेमणुकांचे एक बिऱ्हाड होते तरी कसे, आणि ते मांडण्यासाठी आपली नेमणूक कोणी सोडावयाची?

या प्रश्नाची चाहूल आपल्या काही लेखिकांना फार पूर्वी लागली. विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मध्ये शिकलेल्या, मिळवत्या पण अविवाहित मुलींची कोंडी सांगितली तेव्हा गदारोळ झाला. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासूनच्या दीर्घकथांतल्या स्त्रिया देशोदेशी राहतात आणि आपण कोणाच्या म्हणून येथे आहोत, हे स्वतःला विचारतात. सानिया यांनी तर एका कादंबरीला ‘स्थलांतर’ हेच नाव दिले. त्यांच्या कथांत परक्या शहरात एकटीने राहणारी, नोकरी करणारी स्त्री दयेचा किंवा कौतुकाचा विषय न होता सहजपणे वावरते. ही कमाई मोठी आहे. तथापि गौरीबाईंच्या आणि सानियांच्या नायिका बहुधा सुस्थित आहेत आणि त्यांचे शहर बरेचदा मनाच्या हवामानापुरते येते. बाजार, भाषा, शेजार, कचेरीतली खुर्ची यांचा त्यांच्यावरचा दाब फिकट उमटतो. आणि पत्नीच्या बदलीमागून जाणारा नवरा, त्याचा ओशाळेपणा, त्याने प्रथमच लावलेला कुकर आणि प्रथमच केलेली मैत्री, हे पात्र तर अजून पुरतेपणी रंगमंचावर यावयाचेच आहे. ते पात्र विनोदी म्हणून आणण्याचा मोह पुष्कळांना होईल. लक्ष्मीबाई हसत, पण त्या सर्वांत आधी स्वतःला हसत, आणि ज्याला हसत त्याच्या व्यथेची किंमत कमी होऊ देत नसत. तेवढे पथ्य पाळले तर ते पात्र मोठे होईल.

१९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपुरात भरले होते आणि गंगाधर गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. मुंबईतल्या पांढरपेशा नोकरदाराचे रोजचे, वरवर क्षुद्र वाटणारे मन कथेचा विषय होऊ शकते हे ज्यांनी नवकथेच्या काळात सिद्ध केले त्यांतले गाडगीळ एक प्रमुख. मुंबईच्या चाळीला त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जो मान मिळवून दिला तो रायपूर, भिलाई, बिलासपूरच्या क्वार्टर्सना अजून मिळालेला नाही. याचा दोष पुण्यामुंबईच्या संपादकांवर टाकून मोकळे होण्याची आपली पद्धत आहे. त्यांनी आपल्याकडे पाहिले नाही हे खरेच. पण आपण तरी आपल्याकडे कोठे पाहिले? बृहन्महाराष्ट्रातील मासिकांचे जुने अंक चाळले तर कोकणातल्या पावसावरच्या आणि आजोळच्या अंगणावरच्या लेखांची रेलचेल दिसते. अंक जेथून निघतो त्या गावाचे नाव पुष्कळदा केवळ मुखपृष्ठावर असते.

रजेच्या प्रवास-सवलतीसाठी केंद्र सरकारच्या नोकराला आपले ‘मूळ गाव’ लिहून द्यावे लागते. एकदा लिहिलेले हे गाव सबळ कारण असेल तर बदलता येते, पण सबंध नोकरीत एकदाच. आपल्या परप्रांतीय मराठी वाङ्मयाने ही एकवारची सवलत अद्याप मागितलेली नाही. मूळ गाव विसरावे असे कोणी म्हणत नाही. लक्ष्मीबाई नाशिक विसरल्या नाहीत आणि शरच्चंद्र मुक्तिबोधांनी उज्जैनचे मराठी घर मराठीतच जपले. मागणी एवढीच आहे की ज्या गावात आपल्या नावाची पाटी लागते, ज्या दुकानात आपली उधारी चालते, ज्या भाषेत आपली मुले रात्री स्वप्नात बोलतात, त्या गावाला आपल्या मराठीत प्रवेश असावा. रायपूरच्या कोणा तरुण डॉक्टर मुलीने, भिलाईच्या कोणा अभियंत्याने, किंवा तिच्या बदलीमागून येथे येऊन राहिलेल्या त्या अबोल नवऱ्याने असे एक पुस्तक लिहिले, आणि त्यात नेमणूक व बिऱ्हाड एका दिव्याखाली दिसली, तर हरिभाऊंनी शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी यमुनेच्या तोंडून सुरू केलेली गोष्ट पुढे सरकली असे म्हणता येईल.